रुमालातली चकती

आई, परवा लोणावळ्याला जाऊन आले. तळेगावहून तसं कितीसं लांब, पण हल्ली तेवढ्यानंही अंग मोडून येतं. शाळेच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं होतं, की चर्चच्या हॉलमध्ये ख्रिस्तप्रसादाच्या चमत्कारांचं प्रदर्शन आलंय, गावोगाव फिरतं, आपल्याकडे दोनच दिवस आहे. मी का गेले ते तुला वेगळं सांगायला नको.

हॉलभर माणसाच्या उंचीचे फलक उभे होते. कुठल्या कुठल्या देशांतली गावं, नकाशे, फोटो, खाली मराठीत छापून चिकटवलेले कागद. कुठं मिस्सेची प्रार्थना चालू असताना प्रसादाच्या भाकरीचं मांस झालं, कुठं तिच्यातून रक्त आलं. शाळेची मुलं रांगेनं चालली होती. एकानं विचारलं, "मिस, हे खरं रक्त आहे?" मागचा म्हणाला, "फोटो आहे येड्या, बोट लावून बघ." मला हसू आलं आणि तशीच पुढच्या फलकाशी थबकले. एका बाईनं तोंडात घेतलेला प्रसाद न गिळता डोक्यावरच्या कापडात बांधून घरी नेला, आणि वाटेतच त्या कापडातून रक्त ठिबकायला लागलं. तो कागद मी दोनदा वाचला. माझ्या रुमालावर तर साधा डागही पडला नव्हता.

कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरामागची ती खोली. लांब दांड्यांचा लोखंडी साचा, त्यात तू मैद्याचं पातळ पीठ ओततेस, दाबतेस, चर्र करून वाफ बाहेर येते आणि कागदासारखी पांढरी पापडी निघते. तिच्यातून गोल चकत्या पाडायच्या. रविवारी चर्चमध्ये फादर त्याच ख्रिस्तप्रसाद म्हणून वाटणार. या कामाला तू अंघोळ करून, उपाशीपोटी बसायचीस, घरी नैवेद्याला बसायचीस तशी. कडेची कात्रणंही मला रविवारची मिस्सा झाल्याशिवाय मिळायची नाहीत. सिस्टर हसायच्या. "अगं मावशी, आत्ता तो नुसता मैदा आहे. दे की पोरीला."

"तुमचा असंल मैदा, सिस्टर. मी देवाच्या नावानं कालवलाय."

तू स्वतः मात्र कधी कात्रणही तोंडात टाकलं नाहीस. देवाला दावल्यावर खाईन म्हणायचीस, आणि दाखवलेलं तर बाप्तिस्मा झालेल्यांनाच मिळायचं, आपल्याला नाही. म्हणून अकरा वर्षांची मी एका रविवारी त्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिले. जीभ पुढे केली, फादरनी चकती ठेवली, आणि मी ती न गिळता बाहेर पळाले. रुमालाला चिकटलेला तो ओला लगदा तुझ्यापुढे धरला. "आता दाखवलाय देवाला. खा ना."

"लेकराच्या तोंडातला देव खाऊ व्हय मी?" तू म्हणालीस आणि फाडकन गालावर दिलीस. मग तो रुमाल दोन्ही हातांवर घेऊन सिस्टरकडे निघालीस. मी मागोमाग. सिस्टर पांढऱ्याफटक पडल्या. कुणी केलं हे, एवढंच विचारलं त्यांनी. माझं तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "मीच म्हनलं पोरीला, आन म्हून. तिला काय कळतंय." सिस्टरनी ती चकती वाटीभर पाण्यात विरघळू दिली आणि पाणी गुलाबाच्या मुळाशी ओतलं. दुसऱ्या दिवसापासून साचा तुझ्या हातून गेला आणि तू होस्टेलच्या चादरी धुवायला लागलीस, ते शेवटपर्यंत. थंडीत तुझी बोटं फुटायची, मी मलम लावायचे. तू कधी विषय काढला नाहीस. मीही नाही.

परवा त्याच सिस्टर हॉलच्या दाराशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या. फार थकल्यात. पण ओळखलं. "मावशीची मुलगी ना तू? तिच्यासारख्या चकत्या पुन्हा कुणाला जमल्या नाहीत. आता पाकिटातून विकतच्या येतात." माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तिच्याकडून ती चूक झाली. पण मी केव्हाच माफ केलंय. रोज तिच्यासाठी प्रार्थना करते. आणि तू शिकलीस, पुस्तकं लिहितेस. तू चांगली मुलगी होतीस."

ती चूक माझी होती, एवढंच म्हणायचं होतं. आजूबाजूला गर्दीही नव्हती. इतक्या वयाच्या बाईला आता कशाला त्रास, असं मनाशी म्हटलं आणि म्हणाले, "थँक्यू सिस्टर." थँक्यू म्हणाले मी, आई! तुला माफ केल्याबद्दल.

आज खरं तर त्यांनाच लिहायला बसले होते. 'प्रिय सिस्टर' लिहिलं, खोडलं, आणि तुला लिहीत सुटले. तुला लिहिणं सोपं आहे. तुला सगळं ठाऊक आहे. सांगायचं ते त्यांना, आणि त्या आहेत तोवरच, हे मला कळतं. त्यांना त्रास होईल हे काही न सांगण्याचं खरं कारण नव्हे. त्या मला चांगली मुलगी म्हणाल्या, आणि मला ते आवडलं.