'दीपगृह' खेळाच्या चार आवृत्त्यांविषयी माझे अखेरचे मत

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, टीव्ही व रेडिओ दुरुस्तीचा धंदा चाळीस वर्षे करून आता घरी बसलेला, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे, आणि मुलगी रोज खात्री करून घेते. हृदयाचा मात्र भरवसा उरलेला नाही, म्हणून ही घाई.

१. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर व मागची गॅलरी, तसेच बँकेत जे काही असेल ते, माझ्या एकुलत्या एक मुलीला मिळावे. पुढच्या खोलीचे दार दमट हवेत फुगते. त्याला रंधा मारून घ्या, असे तिची आई सतरा वर्षे सांगत होती. मी घेतले नाही. मुलीने घ्यावे.

२. दुकानातली सर्व हत्यारे, मीटर व सुटे भाग पलीकडच्या गल्लीतल्या मोटर वाइंडिंगवाल्या बाईंना द्यावेत. त्यातली निम्मी आधीच त्यांच्याकडे आहेत. परत मागू नयेत.

३. वडिलांचा रेडिओ माझ्या धाकट्या भावाने वाटणीच्या आधीच उचलून नेला. तो त्याच्याकडेच राहू द्यावा. बिघडला तर मात्र कोणाकडेही माझी ओळख सांगून दुरुस्तीला नेऊ नये.

४. धंदा सांभाळून मी अकरा वर्षे एका मासिकात 'चष्मेवाला' या टोपणनावाने लिहीत असे. एकच व्हिडिओ गेम वेगवेगळ्या यंत्रांवर कसा उतरला, कुठे रंग गेला, कुठे आवाज गेला, कुठे जिना तुटला, याची मी तुलना करी. लोक आधी माझे पान उघडत. मला त्याचा माज होता. त्या मासिकांचे गठ्ठे माळ्यावर आहेत. एक अंक सोडून बाकी सगळे रद्दीत घालावेत. तो एक अंक कोणता, ते पुढे येईल.

५. 'दीपगृह' नावाचा एक खेळ होता. रखवालदार तेलाचा डबा घेऊन जिने चढतो, खालून लाटा वर येत असतात. माथ्यावर पोचून त्याने दिवा लावला, की अंधारातून एक होडी किनाऱ्याला लागते. एवढाच खेळ. पण त्याने आम्हाला वेड लावले होते. आधी तो नाणे टाकून खेळायच्या उभ्या यंत्रावर आला, मग टीव्हीला जोडायच्या यंत्रावर, मग टेपवाल्या संगणकावर आणि शेवटी हातात धरायच्या छोट्या यंत्रावर. ही चौथी आवृत्ती माझ्या मेहुण्याने, म्हणजे पत्नीच्या धाकट्या भावाने, एकट्याने तयार केली होती. तो माझ्या शेजारी स्टुलावर बसून सोल्डरिंग शिकला होता. मला भाऊजी म्हणे आणि माझा शब्द खाली पडू देत नसे.

त्याची आवृत्ती माझ्याकडे तुलनेला आली. मी ती चार दिवस खेळलो. दिवा लागे, पण होडी काही येत नसे. लेख लिहून झाल्यावर मी तो पत्नीला वाचून दाखवला. ती भाजी निवडत होती. तिचे हात थांबले.

"छापायला देण्याआधी त्याला एकदा विचारा तरी."

"आपला माणूस म्हणून सूट द्यायची का?"

"सूट नका देऊ. नुसतं विचारा."

मी विचारले नाही. आपल्या माणसालाही सोडत नाही, असे लोकांनी म्हणावे ही मला हौस होती. लेखातले वाक्य मला अजून पाठ आहे: "रखवालदार जिवाचे रान करून दिवा लावतो आणि होडी येतच नाही, बहुधा ती हा खेळ करणाऱ्याच्या डोक्यातच बुडाली असावी." लोक खूप हसले. संपादकांनी ते वाक्य चौकटीत छापले.

त्याच महिन्यात खेळ बनवणाऱ्या कंपनीतली मेहुण्याची नोकरी गेली. फक्त लेखामुळेच गेली असे मी म्हणत नाही. पण त्याला बोलावले तेव्हा साहेबांच्या टेबलावर ती चौकट कापून ठेवलेली होती, एवढे मला नंतर कळले. पुढे तो एका छापखान्यात मुद्रिते तपासायला लागला आणि शेवटपर्यंत तेच करत राहिला. आमच्याकडे येणे त्याने बंद केले. भांडण नाही, की उणा शब्द नाही. पत्नी त्याच्याकडे एकटी जाऊन येई. माझा एकही लेख तिने त्यानंतर वाचला नाही. मेहुण्याला जाऊन नऊ वर्षे झाली. पत्नीला दोन.

६. पत्नीचे कपाट आवरताना मुलगी म्हणाली, "बाबा, आईनं हे खेळणं जपून ठेवलंय. चालतंय का बघा." तेच छोटे यंत्र होते, ज्यावर मी तुलना केली होती. मी अडगळीत टाकलेले तिने उचलून रुमालात गुंडाळून ठेवले होते, आत कॅसेटसकट. मी ते उघडले. पडद्याच्या तळच्या पाच ओळी मेलेल्या होत्या. आतली पट्टी काचेपासून सुटली, की असे होते. पट्टीवरून सोल्डरिंग आयर्न हलके फिरवले, की ओळी परत येतात. असली शेकडो यंत्रे मी गिऱ्हाइकांना नीट करून दिली आहेत. हे माझे स्वतःचे होते. पाच ओळी म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी उंची. लेख लिहिताना मी पडद्याची कडच जाड आहे, असे धरून चाललो होतो.

ओळी परत आल्या. मी खेळायला बसलो. हात आता थरथरतात, त्यामुळे माथ्यावर पोचायला दुपार गेली. दिवा लागला आणि तळाच्या पाच ओळींतून होडी आली.

७. मी मेहुण्याच्या घरी गेलो. एकतीस वर्षांनी. वहिनींनी, म्हणजे त्याच्या पत्नीने, दार उघडले, पाणी दिले आणि समोर बसल्या. मी सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "त्यांच्या यंत्रावर होडी यायची. मला दाखवायचे. पण म्हणायचे, भाऊजींनी पाहिलंय म्हणजे नीटच पाहिलं असणार, माझंच कुठेतरी चुकलंय. दोन वर्षं रोज छापखान्यातून आले, की खेळाच्या प्रोग्रामचे कागद घेऊन बसायचे. चूक शोधायचे."

"चूक नव्हती, वहिनी."

"हे मला सांगून काय उपयोग?"

मी क्षमा मागितली. त्यांनी दिली नाही. ते योग्यच झाले. निघालो तेव्हा त्याची मुलगी जिन्यापर्यंत आली. ती आता शाळेत शिकवते. म्हणाली, "काका, मी बाबांचा खेळ कधी पाहिलाच नाही. नंतर त्यांनी तो घरात ठेवला नाही."

म्हणून छोटे यंत्र व त्यातली कॅसेट तिला द्यावी. यंत्र मी चालू स्थितीत ठेवले आहे. वहिनींना त्याचा त्रास होत असेल, तर ते त्यांच्या घरात उघडू नये.

८. मासिक बंद पडून जमाना झाला. संपादक वारले. दुरुस्ती छापायला जागा उरली नाही. मृत्युपत्र मात्र चार माणसांना बसून ऐकावेच लागते, म्हणून माझे अखेरचे मत इथे नोंदवतो. वकीलसाहेबांनी ते मोठ्याने वाचावे, आणि प्रत माळ्यावरच्या ज्या अंकात तो लेख आहे त्या अंकात, त्याच पानावर, चिकटवून मेहुण्याच्या मुलीला द्यावी.

उभ्या यंत्रावर समुद्र तीन थरांत हलतो. त्याला तोड नाही. टीव्हीच्या यंत्रावर निळा रंग जांभळा झाला, पण संगीत चांगले. टेपवाल्या संगणकावर खेळ सुरू व्हायला पाच मिनिटे लागतात आणि कठड्याजवळून जाताना रखवालदार हिरवा होतो. छोट्या यंत्रावर रंग नाहीत, संगीताला जागा नाही, समुद्र स्थिर आहे. नुसती पावले वाजतात. पण जसजसे वर जावे तसतसा पावलांचा आवाज पोकळ होत जातो. हे करायला दुसऱ्या कोणालाही सुचले नाही. आणि होडी येते. त्या होडीत एक माणूस उभा आहे. बाकी तिन्ही आवृत्त्यांत होडी रिकामी आहे. मी पुन्हा तपासून पाहिले.

चारांत ही आवृत्ती पहिली.

९. यापूर्वी केलेले कोणतेही मृत्युपत्र असल्यास ते मी रद्द करतो. तो लेखही रद्द करतो. वकीलसाहेब म्हणाले, "लेख असा रद्द होत नाही हो." मी म्हटले, "माहीत आहे. लिहा तरी."

वरील मजकूर मी स्वतः वाचला, समजून घेतला आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली. त्यांनी माझ्यासमोर केली.

लिहून देणार : (सही) टीव्ही-रेडिओ दुरुस्तीवाला

साक्षीदार १ : (सही) किल्लीवाले, दुकानाचे शेजारी
साक्षीदार २ : (सही) डॉक्टर, ज्यांनी वरचा दाखला दिला

स्थळ : राहत्या घराची पुढची खोली
दिनांक : ९ ऑक्टोबर, मंगळवार, सकाळी