ठासणीची बंदूक कुणाला आणि निळा डबा कुणाला

मी ओर्फा टॅकेट, होबर्ट टॅकेटची बायको, आता विधवा, वय एकाहत्तर, राहणार स्टिलहाऊस ओढा, केंटकी, हा कागद माझ्या हातानं लिहितेय. डोकं ठिकाणावर आहे. हृदय नाही. डॉक्टर म्हणाले, नाताळची काही खात्री देत नाही. मला कुणी धमकावलेलं नाही. धमकवायला माझा दीर लेस्टर आला होता, पण मक्याचा पाव बघून बसला आणि कशाला आला होता तेच विसरला.

हा कागद ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी, नेमबाजी संपल्यावर, मैदानावरच वाचायचा. मी असले तर खुर्चीत बसून ऐकेन. नसले तर पोस्टातल्या मिनर्वाबाईंनी वाचायचा, मोठ्यानं, आणि लेस्टरभावजी जागे आहेत ना ते बघून.

घर आणि परसू माझी पुतणी वेल्मा हिला. ती लेस्टरभावजींचीच मुलगी, पण त्यात तिचा दोष नाही. आई गेल्यापासून अठरा वर्षं ती बापाचे कपडे धुतेय. एकच अट, बापाची एकही चड्डी या घरात धुवायला आणायची नाही. आणली तर घर चर्चला जाईल.

चर्चला तसंही शिल्लक पैशातून छप्पर मिळेल. पाद्री कूम्ब्ससाहेबांनी मात्र मला पुरताना होबर्टच्या 'देवानं दिलेल्या नजरे'बद्दल बोलायचं नाही. एकवीस वर्षं ऐकलं. होबर्ट भला माणूस होता, मला आवडायचा, पण चष्म्याशिवाय त्याला स्वतःची गाय ओळखू यायची नाही.

आता बंदूक. ठासणीची, मेपलच्या लाकडाची, माझ्या आजोबांनी घडवलेली. ती माझ्या बापाकडून माझ्याकडे आली, टॅकेटांकडून नाही. होबर्ट ती वापरायचा, कारण बायकांना मैदानावर जेवण घेऊन यायची परवानगी होती, बंदूक घेऊन यायची नव्हती. दोन वर्षांपूर्वी ती परवानगी मिळाली. बाप्यांना काही शहाणपण आलं नव्हतं, नेमबाज कमी पडायला लागले होते.

होबर्टनं पहिल्या वर्षी शिशाच्या गोळीखाली थुंकी लावलेली चिंधी घातली आणि गोळी ठासली. बक्षीस टर्कीचं होतं. आम्ही घरी येऊन बटाटे खाल्ले. पुढच्या वर्षीपासून त्या चिंधीच्या जागी घालायच्या चरबीतल्या कापडाच्या गोल चकत्या मी करायला लागले, आधीच, थंडी संपता संपता, डबा भरून. त्यानंतर होबर्ट हरला तो फक्त गोवर आला त्या वर्षी.

प्रत्येक बारानंतर मी पुढे जाऊन गवतातून उडालेली चकती उचलायची. बाप्ये म्हणायचे, "ओर्फाला कचरा दिसला की राहवत नाही." मी चकती वाचत असायचे. गोल शाबूत, मध्ये काळं कडं, म्हणजे बरोबर. भोक पडलं, झिरमिळ्या झाल्या, म्हणजे बाजूनं आग निसटली आणि गोळी कुठंही जाणार. एवढी मोठी बाप्यांची टोळी, पण खाली बघावं असं कुणाला सुचलं नाही. सगळे होबर्टच्या डोळ्याकडे बघत राहिले.

होबर्ट गेल्यावर मी बंदूक आणि एक डबा लेस्टरभावजींना वापरायला दिला. ते जिंकले. मैदानावरच्या विजेत्यांच्या फळीवर नाव कोरून घेतलं. मी म्हटलं, "भावजी, चकत्या बऱ्या होत्या का?"

"चिंध्याच त्या, वहिनी. हात लागतो, हात."

पुढच्या वर्षी मी बंदूक दिली, डबा दिला नाही. त्या दिवशी त्यांच्या हातानं कूम्ब्ससाहेबांची कोंबडी मेली. लक्ष्य तिच्यापासून बरंच लांब होतं.

तेव्हापासून बंदूक त्यांनाच मिळायला हवी असं ते गावभर सांगताहेत. म्हणून ऑगस्टमध्ये चर्चच्या जेवणात मी सगळ्यांसमोर सांगितलं, तेच इथं लिहून देते. यंदाच्या ऑक्टोबरात लेस्टर आणि वेल्मा, दोघांनी याच बंदुकीनं पाच-पाच बार काढायचे. चकत्या ज्याच्या त्यानं स्वतःच्या हातानं केलेल्या. ज्याचा नेम सरस, त्याची बंदूक. लेस्टर जिंकला तर त्याची. मी शब्द फिरवणार नाही.

कुणी म्हणू नये की मी शिकवलं नाही. दोघांना माझ्या स्वयंपाकघरात बसवलं. गादीचं पट्ट्यापट्ट्यांचं नवं कापड घ्यायचं, तीन वेळा गरम पाण्यातून धुवायचं, त्यातली खळ जाईपर्यंत. वेल्मा लिहून घेत होती.

"तीन वेळा?" लेस्टरभावजी म्हणाले.

"तीन."

"कोण धुणार?"

"तुम्हीच. हात लागतो ना, हात?"

वेल्मानं पेन्सिल खाली ठेवली आणि खिडकीबाहेर बघितलं. हसत होती.

एक वाटी मधमाशीचं मेण, तीन वाट्या मेंढीची चरबी, बिनमिठाची. मीठ असेल तर नळी गंजते. मंद आचेवर वितळवायचं, कापड बुडवायचं, पिळायचं, आणि परातीत सपाट पसरायचं. दोरीवर टांगलं तर चरबी सगळी खालच्या कडेला उतरते आणि गोळी तिकडेच ओढ घेते. अर्ध्या तासानं उलटायचं. मग चकत्या कापायच्या, डब्यात चळत करून ठेवायच्या. एक वर्ष टिकतात. पुढे चरबी कापड खाते. वरून कळत नाही, दिसायला तशीच दिसते. दोन बोटांत धरून ओढायची, भिजल्या पावासारखी तुटली की चुलीत घालायची. मी इथपर्यंत आले तेव्हा लेस्टरभावजी घोरत होते. वेल्मा म्हणाली, "काकू, उठवू का?" मी म्हटलं, "नको गं, दमलेत. ऐकायला किती कष्ट पडतात."

वेल्मानं चकत्या केल्यात. पहिला घाणा बिघडला, दुसरा बरा, तिसरा मी ओढून बघितला, तुटला नाही. बापाच्या धुण्यानंतर रात्री बसून करते. माझी कात्री, परात, मेणाची वाटी, सगळं तिला.

लेस्टरभावजी मागच्या रविवारी तब्येत विचारायला आले. आत्तापर्यंत कधी आले नव्हते. मी डोळे मिटून पडले होते. स्वयंपाकघरात झाकण वाजलं. निघताना टोपी डोक्यावर नव्हती, पोटाशी धरलेली होती.

मी विचारलं, "भावजी, टोपीत अंडी नेताय का?"

"डोकं थंड ठेवतोय, वहिनी."

ते गेल्यावर उठून बघितलं. चुलीजवळचा निळा डबा नव्हता.

म्हणून आता लिहिते. निळा डबा लेस्टरभावजींना. त्यांनी आधीच नेलाय, तेव्हा पोहोचवायची तसदी नको. त्यात चार वर्षांपूर्वीच्या चकत्या आहेत. चरबी भरपूर प्यालेल्या असल्यामुळे चूल छान पेटते. झाकणावर कागद चिकटवलाय, माझ्याच अक्षरात, 'सत्तावन्न साल, चूल पेटवायला'. मी सापळा लावलेला नाही. वाचता येणाऱ्या माणसानं वाचावं. त्यानं जिवाला अपाय होणार नाही, फक्त नाकाला होईल. कूम्ब्ससाहेबांनी मात्र कोंबड्या कोंडून ठेवाव्या.

आणि त्यांनी डबा परत आणून ठेवला, घरी बसून तीन वेळा कापड धुतलं, तर वरचं सगळं खोटं ठरेल, बंदूक कदाचित त्यांची होईल, आणि मी थडग्यातून माफी मागेन. मला तशी घाई दिसत नाही.

लिहून, वाचून सही केली. ओर्फा टॅकेट. स्टिलहाऊस ओढा, १२ सप्टेंबर १९६१.

साक्षीदार पहिल्या, मिनर्वा स्लोन, पोस्ट. सही.

साक्षीदार दुसरे, इलायजा कूम्ब्स, पाद्री. सही. (छपराचं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं.)

साक्षीदार तिसरी, लेस्टर टॅकेट यांच्या पहिल्या बाराची चकती. मिनर्वाबाईंनी गवतातून उचलून इथं टाचणीनं लावायची. जागा सोडली आहे. तुकडे झाले असतील तर जास्त टाचण्या आणाव्या.