टाकीत गेलेली म्हातारी

दि. ४ जानेवारी

ती. आत्यास भिंगऱ्याचा सा. न. वि. वि.

काम बदललं. हे तिसरं, म्हणून कपाळावर हात मारून घेऊ नकोस. पायाला भिंगरी आहे म्हणून तूच तर हे नाव ठेवलंस. आता एका लांबलचक शेडमध्ये आहे. बोलपट आल्यापासून मूकपटांना कुणी कुत्रं विचारत नाही, तेव्हा त्यांच्या रिळांचे डबे इथे गाडीभरून येतात. फीत टाकीतल्या सोड्याच्या उकळत्या पाण्यात सोडायची. चित्रं धुऊन जातात, खाली गाळ बसतो, त्यातून चांदी काढतात. उरलेल्या कोऱ्या कचकड्याच्या फण्या होतात. आत कुणी विडी पेटवली तर सगळेच एकदम वर जाऊ, इतकं ते भडकतं.

डब्यांवरची नावं कधीच उडालीत, म्हणून प्रत्येक फीत आधी उजेडाला धरून तुला शोधतो. मुकादम म्हणतो, तुझी आत्या काय राणी लागून गेली? मी म्हटलं, लागून कशाला, सहा नाटकांत राणीच होती. तुझा भिंतीवरचा फोटो डोळ्यांपुढे आहे, गालावरच्या खळीसकट. बरोब्बर ओळखीन. कुठला सिनेमा वाचवू ते कळव. एक डबा लांबवला तर कुणाला पत्ता लागायचा नाही.

डोळ्यांत औषध घालतेस ना? रागाव, पण माया पातळ करू नकोस.

तुझा भिंगऱ्या

दि. १७ जानेवारी

चि. भिंगऱ्यास अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. दोन ओळी लिहिल्या की डोळे मिटून बसावं लागतं. डॉक्टर म्हणतात, उन्हाळ्यापर्यंत दिसेल, पुढचं सांगता येत नाही. म्हणून आताच मागते.

अकराव्या वर्षी मी नाटकात उभी राहिले. शेवटच्या बाकावरच्या बहिऱ्यालाही ऐकू जाईल असं बोलायला शिकले. पुढे कॅमेऱ्यासमोर त्या आवाजाचं कामच उरलं नाही, नुसते ओठ हलवायचे. मग बोलपट आला. आवाज तपासायला बोलावलं, तोवर नाटकांनी घसा खाऊन टाकला होता. यंत्रातून परत आलं ते मलाच ऐकवेना. यंत्रवाल्याने पाण्याचा पेला पुढे केला. तिथेच काय ते कळलं.

मूकपट नऊ केले. आठांत मी डोळे फिरवते आणि बेशुद्ध पडते. ते खुशाल धू. नववा ठेव. त्यात मी नायिका नाही, नायकाची आई आहे. सव्वीस वर्षांची होते. केसांना राख लावली, गालांवर डिंकाच्या सुरकुत्या. चांगला चेहरा मातीत घालतेस म्हणून सगळे हसले. म्हातारी दिव्याखाली बसून मुलाच्या सदऱ्याला गुंडी लावते. तो येणार नाही हे तिला ठाऊक आहे. एवढंच. त्याची एकच प्रत उरली आहे असं कंपनीच्या माणसाकडून कळलं होतं.

नाटकं हवेत गेली, बाळा. मला काही येत होतं की नाही, ते एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय.

हात भाजून घेऊ नकोस. आठवण ठेवतोसच, ती कागदावरही ठेवत जा.

तुझी आत्या

दि. १८ जानेवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझं पत्र नाही, म्हणून मीच लिहितो. काल गंमत झाली. एका डब्यातून एक म्हातारी निघाली. मांडीवर सदरा, हातात सुई. उजेडाला धरली आणि माझा हातच थांबला. तिघे जण कामं टाकून बघायला आले. मुकादम शिव्या देत आला आणि तोही बघत राहिला. म्हणाला, ही नटी नव्हे, कुणाची तरी खरी आई धरून आणलीय. मला का कोण जाणे, घर आठवलं.

पण ती काही तू नव्हेस, मग दिली टाकीत सोडून. तुझा पत्ता अजून नाही. हुडकल्याशिवाय राहायचा नाही.

उत्तर लवकर टाक. एका ओळीचं असलं तरी पोट भरेल.

तुझा भिंगऱ्या

दि. २७ जानेवारी

चि. भिंगऱ्यास आशीर्वाद.

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. माझं तुला मिळालंच असेल आणि तू जेवत नसशील. जेव. म्हातारी शोध, हे मी आधीच लिहायला हवं होतं.

ते तिघे किती वेळ थांबले? माझं ते काम पाहिलेले तुम्ही पाच जण शेवटचे. म्हणून एवढं कर. जे दिसलं ते सगळं लिही. शेजारीण वाचून दाखवेल. मला बरं वाटावं म्हणून पदरचं काही घालू नकोस. खोटी वाहवा मी पोटभर ऐकलीय.

तुझ्यावर राग नाही. हे दोनदा वाच.

तुझी आत्या

दि. ६ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न.

चार कागद फाडले. पदरचं घालू नकोस म्हणालीस, म्हणून खरं तेच सांगतो. मी तुला हलताना पाहिलंच नाही. हातात धरलेली फीत हलत नाही, आत्या. नखाएवढी चित्रं, एकाखाली एक. वीतभर तुकडा पाहिला, दहा-अकरा चित्रांचा. तिघे थांबले ते पाणी पुन्हा उकळेपर्यंत.

पहिल्यात तू सुईकडे बघतेस. चौथ्यापर्यंत सुई गुंडीत शिरलेली. सातव्यात अंगठा पुसट आहे, थरथरला असेल. मग तुझी मान वर यायला लागते, बहुतेक दाराकडे. डोळे अजून खालीच. तिथपर्यंतच माझ्या हातात होतं. पुढची फीत टाकीत लोंबत होती.

तू वर बघितलंस का, आणि बघताना चेहरा कसा होता, मला ठाऊक नाही. तुला आठवत असेल तर कळव.

लोभ असू दे म्हणायला तोंड नाही. तरी असू दे.

तुझा भिंगऱ्या