चाल: दळण सरलं गं बाई

मंडी मोहल्ला, म्हैसूर
८ ऑगस्ट १९७६

चि. तुंगास,

अनेक आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम. तिकडचं कळव, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं.

तुझ्या लग्नानंतरचं हे माझं पहिलं पत्र. कारण कामाचं आहे. एक पाद्री वारला आणि त्यानं जमवलेली ख्रिस्ती गीतांची जुनी पुस्तकं आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाला मिळाली. ग्रंथपाल नरसिंहमूर्तींनी त्यांना काचेचं कपाट दिलं. कन्नड हस्तलिखितं जमिनीवर, येशू कपाटात. मराठी पुस्तकं माझ्या टेबलावर आली, कारण इथं मराठी वाचणारी मीच.

वाचली. तुझ्या सासरची माणसं हे गाताना डोळे पुसतात म्हणे. मीही पुसले, हसून. एका गीतावर चाल छापली आहे: 'दळण सरलं गं बाई'. म्हणजे आपल्या आईचं जात्यावरचं गाणं. चाल उसनी, आणि ती मोडू नये म्हणून येशूलाही 'गं बाई' म्हटलं आहे. धर्म बदलून या कवीला काय मिळालं कोण जाणे. कान तरी मिळायला हवा होता.

पुस्तकात स्वर छापलेले नाहीत. "चाल विसरली की पुस्तक मेलं, मॅडम," असं म्हणत नरसिंहमूर्ती आईची चाल टिपायला टेपरेकॉर्डर घेऊन घरी आले. आईनं त्यांना कॉफी दिली, पदर सावरला आणि गायला बसली.

चाल जात्याचीच होती. शब्द येशूचे. सगळी कडवी, न अडखळता.

फक्त एका ठिकाणी, शब्दाच्या मधोमध, ती श्वासाला थांबायची. प्रत्येक कडव्यात तिथंच. लहानपणी तू थांबायचीस आणि धपाटा खायचीस, तिथं.

"अम्मा, इथं थांबायची रीत आहे का?" नरसिंहमूर्तींनी विचारलं.

"हौदु, आहे," आई म्हणाली. "माझी धाकटी तिथंच थांबते."

तू गेल्यापासून तिनं तुझा विषय काढला नव्हता.

मग मला आठवलं. लग्नानंतर तुम्ही दोघं बेळगावला जाण्याआधी बन्नीमंटपाच्या ख्रिस्ती देवळात तू दर रविवारी गायचीस. आई तेव्हा फुलं आणायला जायची आणि उशिरा, सुकलेली फुलं घेऊन परतायची. मी फुलवालीला नावं ठेवायची. घरात राहिले मी. औषधं देते मी. मला ती काही बोलली नाही.

बाकीच्या चाली तिला येत नाहीत. तिनं नरसिंहमूर्तींना तुझा पत्ता दिला. तो तिच्याकडे कसा, हे मी विचारलं नाही. त्याच पत्त्यावर हे टाकते आहे. ते तुला गायला बोलावतील. त्या गीतांबद्दलचं माझं मत तेच आहे.

मी तुला बोलावत नाही. आईचे गुडघे गेले. फुलं आता मी आणते. रविवारी ती घरीच असते.

तुझी,
अक्का