सुशीलाबाईंचा भरलेला प्याला

रविवार, संध्याकाळ. वर्धा.

आपण उपदेश करणारे सगळे एकच रडगाणं गातो: लोक ऐकतात आणि चर्चच्या दारातच विसरून जातात. आज एक बाई विसरली नाही.

मागच्या रविवारी मी व्यासपीठावरून गरजलो होतो, ज्याला आपल्या तारणाची, देवाने आपल्याला वाचवल्याची खात्री नाही, त्याने प्रभुभोजनाच्या भाकरीला नि प्याल्याला हात लावू नये. आज नालवाडीच्या सुशीलाबाईंनी भाकरीचं ताट तसंच पुढे सरकवलं. द्राक्षरसाचा प्याला भरलेलाच ठेवला.

दारात विचारलं, "काऊन घेतलं नाई, बाई?"

"तुमीच म्हनलं ना, पाळकसाहेब. देवानं मले पदरात घेतलं का नाई, मले नाई सांगता येत. आन् तुमच्या आवाजापुढं खोटं बोलाची हिंमत कोनाची?" त्या हसल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "तुमचं बरं हाये. तुमाले खात्री हाये."

मी मान हलवली. हो म्हणून!

मला आहे? एवढी पुस्तकं वाचली, कृपेवर तासभर बोलू शकतो. पण एकट्याने गुडघे टेकले की कोणी ऐकतंय असं वाटत नाही. वर्षं झाली. तरी आज मी प्याला घेतला, कारण मंडळी बघत होती. सुशीलाबाईंनी घेतला नाही, कारण देव बघत होता.

त्यांचा भरलेला प्याला मी घरी आणला, तो अजून माझ्या टेबलावर आहे. ओतून टाकवत नाही.

उद्या सकाळी नालवाडीला जा, पाळकसाहेब. बायबलची वचनं काढू नकोस, आवाज चढवू नकोस. त्यांच्याजवळ बस आणि सांग: मलेही खात्री नाई, बाई.