दवाखान्यातली माझी खुर्ची

प्रिय भिंगरी,

मी बोलतेय आणि तुझी आई लिहितेय. अक्षरांशी माझी कधी ओळखच झाली नाही. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका तिच्या आणि फटकळपणा माझा, अशी वाटणी आहे.

दवाखान्यात काचेच्या बशीत तयार केलेला गर्भ पोटात सोडायच्या आधी भरपूर पाणी पिऊन रोखून धरायचं असतं, नाहीतर मशीनवर पिशवी नीट दिसत नाही म्हणे. तिन्ही वेळा तू माहेरी येऊन राहिलीस आणि तुझ्याशेजारी त्या निळ्या खुर्चीत मी बसले. पहिल्या वेळी मी तुझ्या आजोबांच्या कवळीची गोष्ट काढली, तर गप्प बस आजी, इथेच पूर येईल, म्हणून तू ओरडलीस. नर्सनं मलाच बाहेर काढलं! तेव्हा ताजा गर्भ सोडला होता, दुसऱ्या वेळी दोन एकदम, तिसऱ्या वेळी गोठवून ठेवलेला. दर वेळी रक्ताच्या रिपोर्टात ‘नाही’ आलं की तू माझ्या पांघरुणात शिरायचीस आणि आपण दोघी छताकडे बघत पडायचो. समजूत घालणं मला जमत नाही आणि तुला चालत नाही.

चौथ्या वेळेचं विचारलं तर म्हणालीस, या महिन्यात काही नाही, रजा नाही. मी विश्वास ठेवला. मग घरचा फोन वाजला. दवाखान्यातली ती बडबडी मुलगी. उद्या येताना पाणी पिऊन या, आणि आजींनाही आणा, त्यांच्याशिवाय करमत नाही. मी बरं म्हटलं. फोन ठेवला तरी हात काही तिथून निघेना. दोन स्टॉपवर दवाखाना. तू आणि जावईबापू लॉजवर उतरलात, हे मागाहून कळलं, भिंगरे, आणि मी इथे तुझी उशी उन्हात घालत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीही तांब्याभर पाणी प्यायले आणि रोखून बसले. या वयात! पुढे काय झालं ते विचारू नकोस.

तोही टिकला नाही, हे मला तुझ्या आईच्या चेहऱ्यावरून कळलं. खूप वाईट वाटलं. आणि खरं सांगू, जरासं हायसंही वाटलं. कारण या वेळी मी नव्हते.

सूनबाई, पेन थांबवू नकोस, हेही लिही. कानातलं यंत्र काढलं की म्हातारी ठार बहिरी, असं तुला वाटतं. स्वयंपाकघरातून तू भिंगरीला फोनवर सांगत होतीस, या खेपेला आजींना कळू देऊ नकोस, तीनदा बघितला त्यांचा पायगुण. तू बोललीस त्याचं एवढं नाही. पोरगी तुझं ऐकणार नाही असं वाटलं होतं, पण तिनं ऐकलं, ते लागलं.

भिंगरे, आता म्हणे एकच गर्भ उरलाय, आणि डॉक्टरीणबाई तो औषधांचा मारा न करता तुझ्या पाळीच्याच लयीनं सोडणार आहेत. मला ने किंवा नेऊ नकोस. पण नको असेन तर तसं तोंडावर सांग, लॉजवर लपू नकोस. त्या दिवसापासून तुझा फोन नाही. म्हणून हा पत्राचा खटाटोप. पत्र मिळालं की फोन कर आणि मला मोठ्यानं वाचून दाखव. पायगुणाचं तुझ्या आईनं लिहिलंय की गाळलंय, ते मला तुझ्याच तोंडून ऐकायचंय.

तुझीच,
पाणी रोखून बसलेली आजी