नव्या डेस्कटॉपला आमचा विरोध आहे

चि. खुडबुड्या यास मामाचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळं क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. खरं काय ते पुढे येईलच. तुझा खोकला गेला का? ताईचे गुडघे काय म्हणतात? नोकरीत तुझी खुर्ची तीच आहे, की तिचीही नवी आवृत्ती आली? (हा टोमणा आहे. तुला टोमणे उशिरा कळतात म्हणून कंसात सांगून टाकलं.) फोन का केला नाही असं विचारशील. फोनवर तू ‘हो मामा, बघतो मामा’ म्हणतोस आणि काहीही बघत नाहीस. ई-मेल करायची तर ती त्याच संगणकावरून करावी लागणार. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, त्याच्याच हातात तक्रारअर्ज द्यायचा? मी जन्मभर लोकांच्या कवळ्या बनवल्या, पण माझी अक्कलदाढ अजून माझीच आहे.

तर मुद्दा असा की तुझी मामी आणि मी गेले नऊ दिवस एकमेकांशी बोलत नाही, आणि त्याचं मूळ तू आहेस. सहा वर्षांपूर्वी सुट्टीत येऊन तू आमच्या कवळ्यांच्या लॅबमधल्या संगणकावर ते फुकटचं काहीतरी बसवून गेलास. विकतचं काढून टाकलंस आणि म्हणालास, मामा, हे ओपन सोर्स आहे, याची सगळी घडण कुणालाही उघडून बघता येते, यात लपवाछपवी नाही. मी तेव्हाही म्हटलं होतं की जगात फुकट फक्त सल्ला मिळतो आणि तोही कुणी घेत नाही. पण चाललं. संगणक लावला की पडद्यावर खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात यादी, मधे मामीने ओळीने मांडलेली चित्रं: एकेका दवाखान्याचं एकेक. मामी समोरच्या खोलीत संगणकावर बसायची (कुठल्या डॉक्टरांचं माप आलं, कुणाचा जबडा, दातांचा रंग कितव्या नंबरचा, कधी पोचवायचं), आणि मी मागच्या खोलीत प्लॅस्टर, मेण आणि दात यांच्याशी झुंजायचो. सहा वर्षं माझी काही तक्रार नव्हती. तुला ती नसल्याचं कधी कळवलं नाही, एवढंच.

आता गेल्या महिन्यापासून रोज सकाळी पडद्याच्या मधोमध एक चौकोन येऊन बसतो. म्हणे डेस्कटॉपची नवी, संपूर्ण नव्याने घडवलेली आवृत्ती आली आहे. खाली दोन बटणं: ‘आता’ आणि ‘नंतर’. ‘नको’ हे बटणच नाही! ज्याला नकार ऐकायचाच नाही, त्याच्यावर संशय घ्यायचा नाही तर काय त्याला हार घालायचा? मी त्यामागची माहिती काढली. खालची पट्टी गेली. कोपऱ्यातली यादी गेली. पडद्यावर चित्रं मांडायची सोय गेली, म्हणजे मामीचे सगळे दवाखाने एका दमात बेघर. खिडकी बारीक करून बाजूला सारायचं बटण गेलं. (ती बारीक करावीशी वाटणं ही आपलीच जुनी खोड आहे, असं ते बनवणाऱ्यांचं म्हणणं.) एवढं सगळं काढून त्यांनी दिलं काय? तर खिडक्यांचे कोपरे गोल केले. आमच्या धंद्यात कुणी कोपरे फार गोल करून आणले, की समजावं आत काहीतरी तडकलंय आणि ते घासून लपवलंय. कुठेतरी पाणी मुरतंय, हे माझं तेव्हाच ठरलं.

या लोकांचा इंटरनेटवर एक चर्चेचा फळाही आहे. तिथे कोपरे किती गोल असावेत या एका प्रश्नावर चारशे बारा उत्तरं आली आहेत. मी चार दुपारी बसून सगळी वाचली. भांडतात इंग्रजीत, पण भांडण कुठल्याही भाषेत कळतं. पगार नाही, बढती नाही, तरी माणसं एकमेकांच्या जिवावर उठलेली. (फुकट काम करणारा माणूस मला आधीच संशयास्पद वाटतो, आणि हे तर फुकट काम करून वर शिव्या खातात.) त्यातला एक गृहस्थ मला अगदी सख्ख्या भावासारखा वाटला. त्याने लिहिलं होतं, सतरा वर्षं तुमच्याबरोबर होतो, आता हा शेवटचा निरोप. माझे हात आपोआप जोडले गेले. तीन पानं पुढे गेलो तर तोच पुन्हा हजर, आणि म्हणतोय काय, नवी आवृत्ती आठवडाभर वापरली, कोपरे अजून थोडे गोल चालतील. असल्या फितुरांमुळेच चांगल्या चळवळी बुडतात.

इथपर्यंत घरात मतभेद होता, भांडण नव्हतं. भांडण झालं मुख्याध्यापिकाबाईंच्या दातांवरून. बाई निवृत्त आहेत पण अजून अशा बघतात की मी माझी नखं तपासतो. त्यांची वरची कवळी केली तेव्हा मामीने समोरच्या खोलीतून रंगाचा नंबर ओरडून सांगितला होता. खालची करायच्या दिवशी मामी बाहेर होती, म्हणून मी स्वतः जाऊन पडद्यावर नंबर पाहिला. दोन. दोन म्हणजे दुधासारखा पांढरा. केली, घासली, चकाकवली, धाडली. तिसऱ्या दिवशी डबी परत, आत डॉक्टरांची चिठ्ठी: ‘वरचे दात व खालचे दात एकाच बाईंचे असावेत, ही विनंती.’ वरचे होते तीन नंबरचे. आता माणसाच्या हातून चूक होते, आणि मामीच्या हातून टाइप करताना तर होऊच शकते, एवढंच मी बोललो. तिने पडदा माझ्याकडे वळवला आणि विचारलं, इथे काय दिसतंय? मी म्हटलं, दोन. ती म्हणाली, बरं.

या ‘बरं’चा अर्थ तुला लग्नानंतर कळेल. त्याच दुपारी तिने जाहीर केलं की आपण ती नवी आवृत्ती घेऊ, कारण तिच्यात म्हणे अक्षरं हवी तेवढी मोठी करता येतात. जुन्यातही करता येतात, पण केली की अर्धा तक्ता पडद्याबाहेर जातो आणि पोचवायची तारीखच दिसत नाही. मी विचारलं, अक्षरं मोठी करायची कुणासाठी? माझे डोळे ठणठणीत आहेत. सुईत दोरा ओवतो मी! (दोन-तीन वेळा लागतात, पण ते दोऱ्याच्या दर्जामुळे.) शब्दाने शब्द वाढला. नेमका कुरिअरवाला दारात उभा होता, आणि परक्या माणसासमोर माझा आवाज चढतो हे तुला ठाऊक आहे. मी म्हणून गेलो की मी या लॅबमध्ये असेपर्यंत ते नवं इथे येणार नाही, ही दगडावरची रेघ. कुरिअरवाल्याने मान डोलावली. मामी उठली, म्हणाली, मग तो संगणक तुम्हीच चालवा, आणि सरळ मागच्या खोलीत जाऊन माझ्या टेबलाशी बसली.

तेव्हापासून ती प्लॅस्टर ओतते आणि मी नंबर बघतो. तिच्या साच्यात एक बुडबुडा नसतो. तीस वर्षं मी बुडबुड्यांचा दोष हवेला देत आलो. आता हवा अचानक सुधारली आहे. माझ्या बाजूची हकिगत थोडक्यात सांगतो: पहिल्या सहा दिवसांत चार डब्या भलत्याच दवाखान्यात गेल्या, आणि एका पैलवानाला एका नाजूक आजीबाईंची कवळी पोचली. (त्याने ती घालून बघितली, हा त्याचा दोष.) दोन डॉक्टरांनी सांगितलं आहे की हे असंच चाललं तर ते दुसरीकडे काम देतील. यात गंमत नाही. हे दोन गेले तर लॅबमध्ये प्लॅस्टर आणि आम्ही दोघंच उरू, आणि आम्ही दोघं तर बोलत नाही.

मामीचा शेवटचा वार सांगतो, कारण तो बरोबर मर्मी बसला. नवी कवळी घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला मी तीस वर्षं एकच सांगतो: पंधरा दिवस बोचेल, बोलताना शब्द घसरतील, जुनीच बरी होती असं वाटेल, सोसा, मग नवी आहे हे विसरून जाल. लोक जुनी मोडकी कवळी दोरा बांधून वापरतात आणि मी त्यांना हसतो. परवा एक म्हातारबुवा दुरुस्तीला आले, जुनी सोडायला तयार होईनात. मामीने माझ्यादेखत, माझ्याच आवाजात, त्यांना हे सगळं ऐकवलं. बुवा पटून नवीन माप देऊन गेले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगायचं कुणाला?

तरीही माझं मत बदललेलं नाही. कवळी मी बनवतो, तिच्यात काय आहे ते मला ठाऊक असतं. हे कोण कुठले लोक, आज कोपरे गोल केले, उद्या अख्खा पडदाच गोल करतील. पण एक गोष्ट आम्हा दोघांना मान्य आहे (चिठ्ठीने ठरलं): निकाल तू द्यायचा. घ्यायचं की नाही, तू लिहिशील ती पूर्वदिशा. तू नि:पक्षपाती राहशील याची खात्री आहे. मात्र लहानपणी मामाच्या घड्याळाचे सगळे स्क्रू तू कुठे पुरलेस हे मी ताईला आजवर सांगितलेलं नाही, हेही ध्यानात असू दे. ताईला नमस्कार. वेळेवर जेवत जा.

तुझा,
मामा

ता. क. तुझ्या मामीने पत्र वाचलं. एकही शब्द खोडला नाही, यातही मला काहीतरी डाव दिसतो. ‘पाकिटावर पत्ता मी लिहिते, मागचं पत्र भलत्या शहरात गेलं होतं,’ एवढंच म्हणाली. नऊ दिवसांतलं हे पहिलं वाक्य. मी ते मोजत नाही.

ता. क. दुसरा. खुडबुड्या, हे मी मागच्या खोलीचं दार लावून लिहितोय. मामी पाकीट बंद करून हात धुवायला गेली, तेवढ्यात मी ते वाफेवर उघडलं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, म्हणून सांगून टाकतो: ते बसलं आहे. नवं. तीन दिवसांपूर्वीच. रोजच्यासारखं सकाळी मोठ्या समाधानाने ‘नंतर’ दाबलं, आणि ते ‘आता’ निघालं. चाळीस मिनिटं मी घामाघूम होऊन पडद्यासमोर उभा होतो, जणू दरोडा पडला तर मी आडवा येणार होतो. मग पडदा उजळला. मामीच्या सगळ्या नोंदी होत्या तशा होत्या (कबूल करतो). अक्षरं केवढी हवीत असं त्याने विचारलं, मी एक दांडी जरा पुढे सरकवली, आणि मुख्याध्यापिकाबाईंचा तक्ता उघडला. तिथे तीन होता. चांगला ठसठशीत, शेपटीसकट तीन. मामीने पहिल्यापासून बरोबरच लिहिलं होतं. मी तिला डॉक्टरांच्या चिठ्ठीपेक्षा जास्त लागेल असं बोललो होतो, आणि ती फक्त ‘बरं’ म्हणाली होती. मला फार वाईट वाटलं रे.

मामीने पडद्याकडे बघणार नाही असा पण केला आहे, म्हणून अजून निभावलं. पण कुठल्याही दिवशी ती पाहील. तर निकाल असा लिही की नवं घेणं सक्तीचं आहे. खडसावून लिही. जुन्याला आता दुरुस्ती मिळणार नाही, त्यात चोर शिरतील, सरकार बंद पाडेल, काय वाटेल ते कारण दे, फक्त डोळ्यांचं देऊ नकोस. मग मी दोन दिवस कुरकुर करीन आणि तुझ्या शब्दाखातर माघार घेईन. आणि तिची माफीही मागीन, पण ते माझं मी बघतो. पाकीट पुन्हा चिकटवून तिच्या पिशवीत ठेवतो, तिला काही कळणार नाही.

चि. खुडबुड्या, मी मामी. पाकीट मी डिंकाने चिकटवलं होतं. पेटीत टाकायला काढलं तर ते कवळीच्या गुलाबी मेणाने चिकटवलेलं होतं, म्हणून इथे पेटीशी उभी राहूनच उघडलं. नवीन बसलंय हे मला तीन दिवसांपूर्वीच कळलं. त्या दिवसापासून एकही डबी परत आलेली नाही. मामा म्हणतात अगदी तसंच लिही, खडसावून लिही, आणि डोळ्यांचा ‘ड’ही काढू नकोस. फक्त शेवटी एक ओळ माझी घाल: नवी आवृत्ती नीट चालायला वापरणाऱ्याच्या चष्म्याचा ताजा नंबर तिच्यात भरावा लागतो, आणि तो डॉक्टरांकडूनच आणावा लागतो. यांना साऱ्या जगाचा संशय येतो, पण तू लिहिलेलं ते खरं मानतात. डोळ्यांच्या डॉक्टरांची गुरुवारची वेळ घेतली आहे, तेव्हा बुधवारपर्यंत उत्तर येऊ दे.